दिसायला काटक, पण रक्तात साखर! गावाकडं बीपी-शुगर का वाढतंय आणि नवे उपचार कुठवर आलेत?

सातारा : "मला काय झालंय? रानात दिवसभर राबतोय की. बीपी-शुगर हे बसून खाणाऱ्यांचं दुखणं." आरोग्य शिबिरात हाताला पट्टा बांधायला बोलावलं की माण-खटावपासून पाटण-जावळीपर्यंत कुठल्याही गावात हे वाक्य ऐकायला मिळतं. बोलणारा माणूस दिसायला काटक असतो, पोट सुटलेलं नसतं, आजवर दवाखान्याची पायरी चढलेला नसतो. मशीनवर आकडा येतो 170/100. मग पुढचं वाक्य ठरलेलं, "मशीन बिघडलंय तुमचं."

मशीन बिघडलेलं नसतं. बीपी म्हणजे रक्तदाब आणि शुगर म्हणजे मधुमेह, ही दुखणी आता शहरातल्या बंगल्यांपुरती राहिलेली नाहीत. उसाच्या पट्ट्यातही ती आहेत आणि दुष्काळी पट्ट्यातही. ती वर्षानुवर्षं दुखत-खुपत नाहीत, म्हणून माणूस गाफील राहतो. कळतं तेव्हा एक बाजू लुळी पडलेली असते, नाहीतर पायाची जखम काळी पडलेली असते. अशा वेळी जनावर विकावं लागतं, सोसायटीचं कर्ज थकतं आणि घरातला एक माणूस कायमचा खाटेजवळ अडकतो.

असंसर्गजन्य आजार म्हणजे काय?

जे आजार एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत, ते असंसर्गजन्य. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, लकवा, कॅन्सर, दम्यासारखे फुप्फुसाचे जुनाट आजार हे सगळे यात येतात. पूर्वी गावात माणसं पटकी, हगवण, क्षयाने जास्त जायची. 1990 मध्ये देशातल्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे 38 टक्के मृत्यू असंसर्गजन्य आजारांमुळे होत होते. 2016 पर्यंत हा आकडा सुमारे 62 टक्क्यांवर गेला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आणखी 13 कोटींहून अधिक लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. रक्तदाब असलेले तर 31 कोटींच्या वर. म्हणजे मोठ्या माणसांमध्ये साधारण तिघांत एकाला बीपी. एवढ्या लोकांत गावाकडची माणसं नाहीत असं होऊच शकत नाही.

काटक माणसाला शुगर कशी?

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात पुण्याचं मोठं योगदान आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या गावांतल्या बाळांचं जन्मवजन सरासरी 2.7 किलो होतं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन शहरातल्या बाळांचं होतं साडेतीन किलो. आपली बाळं लहानखुरी, हे सगळ्यांना माहीत होतं. नवी गोष्ट वेगळीच निघाली. ही बाळं स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी बारीक होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे वरून बारीक, आतून चरबीदार. याला नाव पडलं 'थिन-फॅट', म्हणजे बारीक-लठ्ठ.

मोठ्या माणसांचंही असंच. 2004 मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचंच उदाहरण जगापुढे ठेवलं. उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी सारखं, बीएमआय 22.3. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के निघाली. वजनकाटा दोघांना एकच आकडा दाखवत होता. आतला मामला वेगळा होता.

पोटाच्या आत, यकृताभोवती साठणारी चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. इन्सुलिन म्हणजे रक्तातली साखर पेशींच्या दारातून आत सोडणारी किल्ली. कुलूप गंजलं की किल्ली फिरत नाही. शरीर मग जास्त किल्ल्या बनवतं. स्वादुपिंड दमतं आणि साखर रक्तातच साठत जाते. त्यामुळेच आपल्याकडे लठ्ठपणाची मोजपट्टी वेगळी आहे. पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या वर आणि बायकांची 80 सेंटिमीटरच्या वर गेली, की वजन कितीही असो, तपासणी करून घ्यायला हवी. घरातला शिलाईचा टेपही याला पुरतो.

याची सुरुवात आईच्या पोटात होते, हे या अभ्यासाचं सांगणं सगळ्यात महत्त्वाचं. गरोदरपणात आईला बी-12 जीवनसत्त्व कमी पडलं, तर त्याचा परिणाम मुलाच्या इन्सुलिनवर सहाव्या वर्षीसुद्धा दिसला. बी-12 मिळतं दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतून. घरातल्या बाईने सगळ्यात शेवटी जेवायचं, दूध आधी डेअरीला आणि मग पोरांना, आणि तिच्या वाट्याला चहापुरतं, ही आपल्याकडची रीत. तिची किंमत पुढची पिढी चुकवते. म्हणून सून गरोदर असताना तिच्या ताटात काय पडतं, हा मधुमेहाचाही प्रश्न आहे.

सगळ्या बारीक माणसांची शुगर सारखी नसते

यात आणखी एक प्रकार आहे. लहानपणापासून कुपोषण सोसलेल्या, खूपच किडकिडीत तरुणांमध्ये दिसणारा मधुमेह. यात आत चरबी साठलेली नसते, इन्सुलिनच मुळात कमी बनतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने या रुग्णांवर काम केलं आणि हा आजार वेगळा असल्याचं 2022 मध्ये दाखवून दिलं. 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'टाइप 5' म्हणून मान्यता दिली.

याचा उपयोग काय? तर उपचार बदलतात. अशा रुग्णाला नेहमीच्या हिशेबाने इन्सुलिन दिलं, तर साखर एकदम खाली येऊन तो बेशुद्ध पडू शकतो, तेही घरात पोटभर खायला नसताना. त्यामुळे "शेजाऱ्याला ही गोळी लागू पडली, मलाही तीच द्या" हे चालत नाही. दोघांची शुगर एकच दिसली तरी आजार वेगळा असू शकतो.

गावातले धोके कोणते?

मीठ : जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक लहान चमचा. त्यात भाजी, भाकरी, चटणी सगळं आलं. आपल्याकडे भाजीत मीठ, वर ठेचा, कडेला लोणचं, पापड आणि चार वाजता फरसाण. भाजीत मीठ कमी केलं आणि फरसाणाची पुडी चालूच ठेवली, तर उपयोग नाही.

तंबाखू आणि मिश्री : बिडी-सिगारेट वाईट हे पटतं. पण तंबाखू-चुना आणि बायकांची मिश्री यांना कुणी व्यसनात धरत नाही. "दात घासायलाच लावते" असं म्हणत दिवसातून चार-पाच वेळा मिश्री लागते. निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातंच. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, शिवाय तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळा.

गोड : उसाच्या पट्ट्यात एक समज पक्का आहे, साखर वाईट पण गूळ चालतो. गूळ कमी प्रक्रिया केलेला असतो एवढंच. रक्तात जाऊन त्याचीही साखरच होते. शुगरवाल्याने चहात साखरेऐवजी गूळ टाकला, तर आकडा खाली येत नाही. दिवसातले सात-आठ कप चहा मोजले, तरी बऱ्याच जणांना आपला हिशेब कळेल.

कमी झालेली मेहनत : पूर्वी नांगर, मोट, पायी बाजार. आता ट्रॅक्टर, मोटर, दुचाकी. खाणं मात्र तेवढंच राहिलं, उलट ज्वारी-बाजरीच्या जागी पॉलिश केलेला तांदूळ आणि मैद्याचा पाव-बिस्कीट आलं. घरात मेहनत कुणी करत असेल तर ती बाईच. पण तिला चुलीचा धूर मिळतो, फुप्फुसाचा जुनाट आजार त्यातून येतो.

दुखण्याच्या गोळ्या : हा धोका फारसा कुणी बोलत नाही. दिवसभर वाकून काम केलं की कंबर, गुडघे दुखतात. मग टपरीवरून किंवा मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय दुखणं मारणारी गोळी. रोज एक, कधी दोन. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज घेतल्या तर बीपी वाढतं आणि किडनीवर ताण येतो. आधीच बीपी-शुगर असलेल्याला हा दुहेरी मार आहे.

"बरं वाटतंय, गोळी कशाला?"

डॉक्टरांची खरी लढाई या वाक्याशी आहे. ताप गेला की गोळी बंद, हा हिशेब आपल्या अंगवळणी पडलेला. बीपी आणि शुगरला तो लागू नाही. महिनाभर गोळी घेतली, आकडा 130 वर आला, म्हणून गोळी बंद केली, तर आकडा बहुतेक वेळा पुन्हा चढतो. शेताला बांध घातल्यावर पाणी थांबलं म्हणून बांध फोडण्यासारखंच हे.

दुसरी भीती, "एकदा सुरू केली की जन्मभर, आणि किडनी जाते." खरं उलटं आहे. न आवरलेलं बीपी आणि शुगर यांनीच किडनी निकामी होते. किडनी बिघडलेली असेल तर डॉक्टर काही गोळ्या बदलतात किंवा कमी करतात, म्हणून तपासणी लागते. पण गोळीच्या भीतीने आजार मोकळा सोडणं म्हणजे डायलिसिसच्या वाटेला लागणं.

तिसरी गोष्ट, कारल्याचा रस, कडुनिंबाचा पाला, गावातलं कुणाचं तरी चूर्ण. कारलं खायला हरकत नाही. कारलं सुरू करून गोळी बंद करणं यात धोका आहे. पाकिटावर नाव नसलेल्या पुडीत काय मिसळलंय हे तर कुणालाच माहीत नसतं.

सरकारी दवाखान्यात काय मिळतं?

2017 मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि सातारा हे चार जिल्हे होते. कल्पना साधी होती. सगळ्या आरोग्य केंद्रांत उपचारांची एकच ठरलेली पद्धत, थोडीच पण भरवशाची औषधं कायम शिल्लक, महिन्याची गोळी घराजवळ, आणि रुग्ण आला नाही तर त्याला आठवण. 2022 मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. यात महागडं यंत्र नव्हतं की परदेशी औषध नव्हतं. जुन्याच स्वस्त गोळ्या वेळेवर मिळाल्या आणि माणसांनी त्या घेतल्या, एवढ्यावर फरक पडला.

आज 30 वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी करायचं सरकारी धोरण आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात. त्यात तंबाखू, दारू, कंबरेचं माप, घरात कुणाला आजार हे विचारतात. अनेक घरांत "आम्हाला काय नाही" म्हणत त्यांना दारातूनच परत पाठवतात. तसं करू नका. उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी बीपी आणि बोटातून रक्त घेऊन साखर तपासतात. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणीही याच कार्यक्रमात आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

एखाद्या केंद्रात गोळ्या संपलेल्या असतात, हेही खरं. तेव्हा "पुढच्या आठवड्यात या" ऐकून घरी बसू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात चौकशी करावी आणि ग्रामसभेत हा विषय मांडावा. महिनाभराचा खंड रुग्णाला परवडत नाही.

नवे उपचार काय आहेत?

मोबाईलवर सध्या सगळ्यात जास्त फिरतं ते वजन आणि साखर दोन्ही उतरवणारं इंजेक्शन. सेमाग्लुटाइड आणि टिरझेपाटाइड ही त्यातली नावं. जेवल्यावर आतड्यातून एक संप्रेरक सुटतं. ते इन्सुलिन वाढवतं, पोट सावकाश रिकामं करतं आणि मेंदूला "पुरे" असं सांगतं. ही औषधं त्याच संप्रेरकाची नक्कल करतात. आठवड्याला एक इंजेक्शन. या घराण्यातलं पहिलं औषध 2005 मध्ये अमेरिकेत आलं, तेही वाळवंटातल्या एका विषारी सरड्याच्या लाळेतल्या घटकावरून सुचलेलं.

किंमत हा मोठा अडसर. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतची. त्यानंतर देशी कंपन्यांना ते बनवायला वाट मोकळी होते. असं आधीही घडलंय. एम्पाग्लिफ्लोझिन ही लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी हृदयाला आणि किडनीलाही आधार देते. मार्च 2025 मध्ये तिचं पेटंट संपलं आणि कित्येक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या.

पण वजन उतरवणारं इंजेक्शन गावातल्या प्रत्येक शुगरवाल्यासाठी नाही. ते मुळात जास्त वजनाच्या रुग्णांवर तपासलेलं आहे. वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आधीच स्नायू कमी असलेल्या काटक माणसाने ते मनाने घेतलं, तर अशक्तपणा पदरात पडेल. मळमळ, उलट्या हे त्रासही आहेत. त्यामुळे चिठ्ठीशिवाय, कुणाच्या तरी ओळखीने मागवलेलं इंजेक्शन टोचून घेऊ नये.

इन्सुलिनमध्येही बदल होतोय. रोज टोचण्याऐवजी आठवड्यातून एकदा घ्यायच्या इन्सुलिनला युरोपात 2024 मध्ये मंजुरी मिळाली. बीपीसाठी सहा महिन्यांतून एकदा देता येईल अशा इंजेक्शनच्या चाचण्या जगात सुरू आहेत. ऊसतोडीला सहा-सहा महिने गाव सोडणाऱ्या माणसाला हे कधी मिळालं, तर खरंच दिलासा ठरेल. कारण टोळीबरोबर गेलेल्या मजुराची गोळी पहिल्याच महिन्यात तुटते.

तोवर हाताशी असलेला उपाय वेगळा आहे. बीपीची दोन औषधं एकाच गोळीत देणारी जोडगोळी जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. गोळ्या कमी, विसरण्याची शक्यता कमी. गावाच्या दृष्टीने ही साधी गोष्ट महागड्या इंजेक्शनपेक्षा जास्त जीव वाचवू शकते.

लकवा आला तर घड्याळ बघा

तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळायला लागलं, यातलं एकही लक्षण अचानक दिसलं तर तो लकवा समजावा. "वारं लागलं" म्हणून तेल चोळत बसू नका, अंगारा लावत बसू नका, बाहेरगावच्या झाडपाल्यासाठी गाडी करू नका. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सिटी स्कॅन करून. डोंगरातल्या वाडीवरून सिटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात पोहोचायलाच दोन तास जातात. त्रास किती वाजता सुरू झाला हे लक्षात ठेवा, 108 ला फोन करा आणि सिटी स्कॅनची सोय कुठे आहे ते आधीच माहीत करून ठेवा. छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ आली तरी "गॅस झालाय" म्हणून सोडा पिऊन झोपू नये.

एवढं कराच

- वय 30 च्या वर असेल तर वर्षातून एकदा बीपी आणि साखर तपासा. बीपी 140/90 किंवा वर, उपाशीपोटी साखर 126 किंवा वर असेल तर पुन्हा तपासून डॉक्टरांना दाखवा.
- बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. चहा, तंबाखू अर्धा तास आधी बंद.
- शुगर असेल तर रानात अनवाणी जाऊ नका. रोज रात्री तळपाय बघा. दिसत नसेल तर नातवाला बघायला सांगा. बधिर पायाला काटा रुतलेला कळत नाही.
- वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि किडनी तपासून घ्या.
- कामाला बाहेरगावी जाताना पुरेशा गोळ्या आणि दवाखान्याचं कार्ड सोबत ठेवा.
- औषध सुरू करणं, बदलणं, थांबवणं हे डॉक्टरांना विचारूनच.

बैलाचं पाऊल जरा लंगडं पडलं तरी शेतकऱ्याच्या लगेच लक्षात येतं, त्याच दिवशी डॉक्टर गोठ्यात येतो. स्वतःच्या अंगाकडे मात्र तो दहा-दहा वर्षं बघत नाही. उपकेंद्र गावातच आहे, तपासणीला पाच मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. पुढच्या वेळी आशाताई दारात आल्या, तर त्यांना आत बोलवा आणि घरातल्या सगळ्यांना, विशेषतः चुलीजवळ बसलेल्या बाईला, हात पुढे करायला सांगा.